नावं ठेवायचं टेबल

६ जानेवारी

मामा,

वाकून नमस्कार केलाय असं समज. कंबर धरलीय, म्हणून प्रत्यक्षात बसूनच लिहितेय.

तुझ्या मागच्या पत्रात "वर्कशॉप कसं चाललंय" हे तीनदा होतं आणि "तू कशी आहेस" हे एकदाही नव्हतं. तेव्हा आधी वर्कशॉपचंच सांगते. मुख्य होऊन मला सहा महिने झाले. हॉस्पिटलच्या मागची ती लांबट खोली तशीच आहे, प्लास्टरची पांढरी धूळही तशीच. भिंतीवर टांगलेले कृत्रिम पाय पाहून नवीन माणूस अजूनही दारातच दचकतो. पण एक गोष्ट तू ओळखणार नाहीस. शांतता. आता आम्ही चौघंच. साचा घेणारे प्लास्टरवाले काका, पाय घडवणारा, पट्टे शिवणारी एक नवीन बाई आणि मी. सहा महिन्यांत एकदाही कुणाचा आवाज चढलेला नाही. मी पाटीच लावलीय, "इथे आवाज चढवू नये." पाय तयार झाला की प्रत्येकाने कागदावर अभिप्राय लिहायचा. सगळे "उत्तम" लिहितात. अक्षर तेवढं वेगळं असतं.

तुमचं ते टेबल मी बाहेर व्हरांड्यात काढलंय. त्यावर आता कुंड्या आहेत. रागावू नकोस. शिकाऊ म्हणून आले तेव्हा तुमची भांडणं ऐकून मी कितीदा स्टोअररूममध्ये जाऊन बसायचे, ते तुला ठाऊक नाही. आणि त्या भांडणांचा शेवट काय झाला तेही मी पाहिलंय. वीस वर्षं खांद्याला खांदा लावून काम केलेले तुम्ही दोघे मित्र एका दिवसात बोलेनासे झालात. त्याला अकरा वर्षं झाली. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हाताखाली हे होऊ द्यायचं नाही.

बाकी ठीक. एका शाळेतल्या बाईंचा पाय परत आलाय. गुडघ्याखालचा आहे. पुढच्या हाडावर जखम होते. मी वाटी नव्याने करतेय, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती, तुझ्याच पद्धतीने. होईल नीट.

तुझी,
ठिणगी
(हे नाव मला तू ठेवलंस. आता शोभत नाही, पण सोडवतही नाही.)


१५ जानेवारी

ठिणगे,

कुंड्या? त्या टेबलावर?

तुझं पत्र वाचून मी चहाचा कप तसाच बाजूला सारला, तर सूनबाईने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाहीये का?" इथे सगळे असंच विचारतात. मुलगा चांगला, सून चांगली. नऊ तास रेल्वेत बसून आलो तेव्हा वाटलं होतं, आता सुखात राहू. सुखात आहेच. परवा मी म्हटलं, "पंखा उलटा फिरतोय." मुलगा म्हणाला, "हो बाबा, बरोबर आहे तुमचं." पंखा अगदी सरळ फिरत होता. मी मुद्दामच म्हटलं होतं. कुणी म्हणालंच नाही की, "म्हातारबा, चष्मा पुसा!" असं घर किती दिवस सहन करायचं, सांग.

आता टेबलाबद्दल. तू स्टोअररूममध्ये बसायचीस, म्हणून तुला अर्धंच माहीत आहे. लाकडी टेबल, चार पायांपैकी खिडकीकडचा एक आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. अख्ख्या गावाला पाय करून देणाऱ्यांचं टेबल लंगडं, यावर आम्ही रोज हसायचो आणि दुरुस्त कुणीच करायचं नाही. त्याला आम्ही म्हणायचो नावं ठेवायचं टेबल. तयार झालेला पाय त्यावर उभा करायचा. मग प्रत्येकाने त्याला नावं ठेवायची. "छान" म्हणायला बंदी. ज्याने केला त्याने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. ज्याला खोट सापडेल त्याने तिथे निळ्या पेन्सिलने खूण करायची. निळी खूण नसलेला पाय त्या दारातून बाहेर गेला नाही. आणि सगळं झाल्यावर चहा. ज्याचं चुकलं असेल त्याने बाकीच्यांच्या कपात ओतायचा. चहा न घेता, रुसून घरी जायचं नाही, हाही नियमच.

तुला आवाज ऐकू आले. त्यानंतर कपबशा वाजायच्या, त्या ऐकू आल्या नाहीत. अगं, मी केलेल्या पायाला माझ्यासमोर कुणी "हा पाय आहे की पाटा" म्हणावं, माझं डोकं तापावं, आणि तासाभराने तोच पाय घालून एखादी आजी दारापासून झाडापर्यंत चालत जावी, आणि आम्ही पाच जण दारात दाटीवाटीने उभं राहून बघावं. त्या दिवसांची मला अशी आठवण येते की छातीत कळ येते. डॉक्टर म्हणतात, गॅस आहे.

शाळेतल्या बाईंचं ऐक. जखम पुढच्या हाडावर म्हणजे वाटी घट्ट आहे. आतून एक सूत घास, इंचाचा आठवा भाग, जास्त नाही. मी इथे बसून सांगतो, दुसरं काही नसणार.

आणि ज्याच्याबद्दल तू लिहिलंस त्या माणसाचा विषय माझ्या पत्रात नको.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

तू सांगितलंस तशी वाटी आतून एक सूत घासली. बाईंनी इथे घालून पाहिली. "अगदी हलकं वाटतंय" म्हणाल्या आणि जुन्या चपला फटफट वाजवत निघून गेल्या.

तुझ्या पत्रामुळे मला राहवलं नाही. कुंड्या खाली ठेवल्या, टेबल आत आणलं. (पुठ्ठा अजून आहे.) पाय उभा केला आणि म्हटलं, "बोला, काय चुकलंय?" प्लास्टरवाले काका म्हणाले, "मॅडम, छानच झालाय." घडवणारा म्हणाला, "काकांसारखंच माझं." पट्टे शिवणाऱ्या बाईने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या सुईकडे. दहा मिनिटं आम्ही चौघं त्या पायाभोवती फोटोला उभं राहिल्यासारखे उभे होतो. मग मीच म्हटलं, "बरं, चला कामाला."

तेव्हा तुमची माणसं वेगळी होती, मामा. माझी माणसं चांगली आहेत. भांडखोर नाहीत, एवढाच फरक.

तुझी,
ठिणगी


२० फेब्रुवारी

मामा,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितेय.

बाईंचा पाय तिसऱ्यांदा परत आला. जखम चिघळलीय. डॉक्टर माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "ही कातडी आणखी एकदा सोलली गेली तर मी पाय घालायची परवानगी देणार नाही. मग चाकाची खुर्ची." बाईंचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. शाळेला लिफ्ट नाही. चौदा वर्षं त्याच वर्गात शिकवतायत. जाताना माझा हात धरून त्याच मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्याकडून केलंत हो." मामा, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्या आणि पट्टेवाली रडायला लागली. किती विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"बाई इथे जुन्या सपाट चपला घालून येतात. प्लास्टरची धूळ लागते ना. शाळेत टाचेचे बूट घालतात. मी त्यांना फाटकाशी पिशवीतून काढून बदलताना पाहिलंय. टाच चांगली दोन बोटं उंच आहे."

मामा, तुला पुढचं सांगायला नको. टाच उचलली की अख्खा पाय पुढे कलतो, गुडघा पुढे ढकलला जातो आणि सगळा भार त्या हाडावर. वाटीत काही चूक नव्हतीच. मी तीच वाटी दोनदा केली आणि वर आणखी घासली. तेवढ्यात प्लास्टरवाले काका खाली बघून म्हणाले, "वाटी नीट आहे, दोष खाली कुठेतरी आहे, असं मलाही वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. माझ्याच पाटीखाली उभी राहून मी ओरडले.

काका म्हणाले, "तुम्ही मनापासून करत होता. कशाला दुखवायचं?"

शेवटची संधी आहे. आठवड्याभराने जखम भरली की पाय पुन्हा करायचा. मला ही माणसं बोलायला हवीत, आणि मी त्यांना सहा महिने गप्प बसायला शिकवलंय. का, तर तुमचं जे झालं ते मी पाहिलं म्हणून. तेव्हा आता टाळू नकोस. तुमचं भांडण कशावरून झालं? भांडणाने माणसं तुटतात, तर मी त्यांना कुठल्या तोंडाने भांडा म्हणू?

ठिणगी


१ मार्च

ठिणगे,

दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं.

आधी माझी चूक. नऊ तासांच्या अंतरावर बसून, पाय न बघता मी "वाटी घट्ट" म्हणालो आणि तू माझं ऐकलंस. तिथे असतो तर चहा ओतला असता.

आता दुसरं. आमचं भांडण झालंच नव्हतं. तू अकरा वर्षं जे समजून बसलीस ते उलटं आहे.

त्याला सगळे वाकडोबा म्हणायचे, कारण त्याला सगळंच वाकडं दिसायचं. पाय, दार, साहेबांचा भांग. ओळंब्याची दोरी सोडायच्या आधी एक डोळा मिटून सांगायचा, "दीड सूत बाहेर आहे." आणि दीडच सूत असायचं. वीस वर्षं त्याने माझ्या एकाही पायाला सरळ म्हटलं नाही. मी घरी येऊन त्याला शिव्या घालायचो तेव्हा तुझी मामी म्हणायची, "उद्या तो रजेवर गेला तर तुम्ही पाय दारातून बाहेर तरी पाठवाल का?" नसता पाठवला. तो माझा डोळा होता.

तुझी मामी गेली तेव्हा मी दहाव्या दिवशी कामावर आलो. एका टपालवाल्याचा पाय अर्धवट राहिला होता. दारोदार फिरून पत्रं टाकणारा माणूस, चाळिशीचा, हसतमुख. मी पाय पुरा केला. हात चालत होते, मी तिथे नव्हतो. टेबलावर उभा केला. बाकीचे एकेक करून निघून गेले. वाकडोबा राहिला. त्याने एक डोळा मिटून पाहिलं. निळी पेन्सिल उचलली आणि बकलावर खूण केली. "बकल सैल आहे," म्हणाला. एवढंच. मी बकल घट्ट केलं. पाय गेला.

दीड महिन्याने तो टपालवाला कुणाच्या तरी जिन्यावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. पाय आमच्याकडे आला तेव्हा मी स्वतः ओळंबा लावला. दोन सूत बाहेर. मी वाकडोबाला विचारलं, "तुला दिसलं नव्हतं?" म्हणाला, "दिसलं होतं." "मग?" म्हणाला, "वहिनी जाऊन दहा दिवस झाले होते रे."

मी त्याच्याशी त्यानंतर बोललो नाही. वीस वर्षं तो माझ्याशी भांडला तेव्हा मी एकदाही दुखावलो नाही. तो एकदा माझ्याशी गोड वागला, ते मला सोसलं नाही. टपालवाल्याला कचेरीतच खिडकीवर बसवलं, तिकिटं विकायला. मी गाव सोडेपर्यंत त्या खिडकीवरून कधी तिकीट घेतलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचो.

निवृत्त झालो त्या दिवशी रागाने ती निळी पेन्सिल खिशात घालून आणली. बोटभर उरलीय. या पाकिटात घातलीय. तुझी माणसं भांडखोर नसतील. वाकडोबाही स्वभावाने भांडखोर नव्हता. टेबलावर काही बोललं तरी शेवटी चहा मिळणारच, ही त्याला खात्री होती, एवढंच. ती खात्री तू दे.

तुझा मामा


१७ मार्च

मामा,

आधी पाय, मग माझा गुन्हा.

मी पाटी काढली. तेवढ्याने काही होईना. मग मी काय केलं, मीच केलेला पाय टेबलावर उभा केला, निळी पेन्सिल घेतली आणि पहिली खूण मीच केली. म्हटलं, "ही वाटी मी दोनदा केली, कारण मला वाटीच करता येते. बूट कुठला घालता, हे मी बाईंना विचारलंच नाही. आता माझं तोंड बंद. तुम्ही बोला." आणि खरंच ओठ मिटून उभी राहिले. तुला माहीत आहे, मला ते किती जड जातं.

पट्टेवालीने पेन्सिल घेतली. बाहेरच्या पट्ट्याच्या भोकावर खूण केली. "हे ओढून लांबलंय," म्हणाली, "म्हणजे पाय आत गरगर फिरतोय." घडवणारा म्हणाला, "फिरत नाही, सरकतोय." ती म्हणाली, "फिरतोय! मी शिवलाय तो पट्टा!" प्लास्टरवाले काका मध्ये पडले, तर दोघं त्यांच्यावर. मामा, काका ओरडले! "तुम्ही दोघं गप्प बसा, आधी बूट बघा!" इतकी वर्षं त्या माणसाचा आवाज मी ऐकलाच नव्हता, चांगला खणखणीत आहे. मला स्टोअररूममध्ये पळावंसं वाटलं. पळाले नाही.

बाईंचे शाळेचे बूट मागवले. घोटा नव्याने लावला, त्या टाचेच्या मापाने. पुन्हा टेबल, पुन्हा खुणा, एकूण अकरा. बाईंनाही टेबलाशी बसवलं आणि त्यांच्याही हातात पेन्सिल दिली. त्यांनी तर मास्तरणीसारख्या तीन चुका काढल्या, आणि तिन्ही बरोबर. कालपर्यंत नऊ दिवस झाले. कातडी शाबूत आहे. त्या तिसऱ्या मजल्यावर शिकवतायत. चहा मी ओतला. पट्टेवाली म्हणाली, "साखर कमी आहे." छान वाटलं.

आता गुन्हा. तुझी दोन्ही पत्रं मी वाकडोबाकाकांना नेऊन दाखवली. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

ते एकटेच राहतात, बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. मला ओळखलं. "स्टोअररूमवाली" म्हणाले! म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पत्रं खिडकीशी उभं राहून वाचली, चष्म्यावर चष्मा लावून. दोनदा. मग हात पुढे केला. मला कळेना, काय हवंय. म्हणाले, "पेन्सिल." सुदैवाने पर्समध्ये होती. दिली. दार उघडून धरलं आणि म्हणाले, "तू जा आता. पत्रं राहू देत. पेन्सिल परवा आणून देईन."

परवा आणूनही दिली. टेबलाकडे बघितलं, एक डोळा मिटला, आणि गेले. तू रागावला असशील तर राग. पण गप्प बसू नकोस.

ठिणगी


२२ मार्च

मिस्त्री,

तुझी दोन्ही पत्रं परत पाठवतोय. त्यावर निळ्या खुणा आहेत. तीन. टेबल नाही, म्हणून कागदावर केल्यात.

पहिली खूण, जानेवारीचं पत्र. तू लिहितोस, टेबलाचा खिडकीकडचा पाय आखूड. साफ चूक. दाराकडचा. खिडकीकडे तू बसायचास, म्हणून जे काही लंगडं ते तुझ्याच बाजूचं, असं तुला वाटतं.

दुसरी, त्याच पत्रात. "मी इथे बसून सांगतो, दुसरं काही नसणार." पोरीला असं लिहितात? ती ऐकते तुझं. मी तिथे असतो तर हे वाक्य पत्रात जाऊ दिलं नसतं.

तिसरी खूण मार्चच्या पत्रात आहे, "टेबलावर उभा केला" आणि "बाकीचे एकेक करून निघून गेले" यांच्या मधल्या जागेत. तिथे काहीच लिहिलेलं नाही, म्हणूनच गोल केलाय. तू पाय उभा केलास आणि म्हणालास, "आज कुणी काही बोलू नका रे. आज मला ऐकवणार नाही." म्हणून ते गेले. म्हणून मी बकलावर खूण केली.

वीस वर्षांत मी तुझं एकदा ऐकलं, मिस्त्री. एकदाच. आणि त्याचीच तू मला अकरा वर्षं शिक्षा दिलीस.

मी सुटलो असं म्हणत नाही. तू गप्प बसायला सांगितलंस म्हणून गप्प बसणं हे माझं काम नव्हतं. तुला त्या दिवशी घरी पाठवून मीच पाय सरळ करायला हवा होता. माझ्या नावावर तेवढी चूक आहे आणि ती मी रोज सकाळी उठलो की बघतो. पण अर्धीच माझी आहे. बाकीची अर्धी पत्रातून गाळून तू पोरीला गोष्ट सांगितलीस. हे वाकडं आहे.

वहिनी असत्या तर त्यांनी तुला आठवड्यात माझ्या दारात आणून उभा केला असता. त्यांचं ऐकायचास तू.

आणि हो. तू ज्या खिडकीवर कधी गेला नाहीस तिथे मी दर सोमवारी जातो. पहिल्या वर्षी तो माझ्याकडे बघायचा नाही. मग एक दिवस म्हणाला, "काका, तुम्हाला कुणाला पत्र लिहायचं असतं का, की नुसतीच तिकिटं गोळा करताय?" माझ्याकडे तिकिटांचा डबा भरलाय. चांगला माणूस आहे. पोट सुटलंय. तुझ्याबद्दल विचारतो. या पाकिटावरचा शिक्का त्यानेच मारलाय.

वाकडोबा


५ एप्रिल

वाकडोबा,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. पहिले चार दिवस मी इतका संतापलेला होतो की सूनबाई म्हणाली, "बाबा, आज तुम्ही अगदी तरतरीत दिसताय." पाचव्या दिवशी पाकिटावरचा शिक्का नीट पाहिला. जरा तिरका पडलाय. तू तिथे उभा होतास तरी तुला दिसला नाही?

तिसरी खूण कबूल. मी ते वाक्य विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर निदान खोटा तरी ठरलो नसतो. रोज आठवत होतं, आणि ते आठवू नये म्हणून तुझ्यावर रागवायचं, असं मी अकरा वर्षं चालवलं. पाय मी वाकडा केला, तोंड मी बंद करायला लावलं आणि तुला घालवला. तुझी वहिनी गेल्यावर माझ्याशी भांडायला तूच एक उरला होतास, आणि तुलाच मी गमावून बसलो. हे तुझ्यासमोर म्हणायला जमेल की नाही माहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

दुसरी खूण कबूल. पोरीला वेगळं लिहिलंय. तुझी खूण असलेलं पत्रही त्यासोबत तिला पाठवलंय, लपवलं नाही.

पहिली मात्र मुळीच कबूल नाही. आखूड पाय खिडकीकडचाच. पुठ्ठा मी माझ्या हाताने घातला होता. हे पत्राने मिटणारं नाही, तिथे येऊनच दाखवावं लागेल. शुक्रवारच्या गाडीने निघतोय. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्याशा गोष्टीसाठी नऊ तास?" मी म्हटलं, "हो." तर म्हणतो, "मला नाही पटत." चांगला मुलगा आहे माझा.

शनिवारी सकाळी उतरेन. स्टेशनवरून सरळ वर्कशॉपमध्ये येणार नाही. आधी त्या खिडकीवर जाईन आणि एक तिकीट घेईन. त्याच्याशी काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

मग येतो. ठिणगीला सांग, कुंड्या परत चढवल्या असतील तर उतरव. तू येऊन बस, दाराकडच्या तुझ्या जागेवर. किटली भरून ठेवा.

चहा मी ओतणार आहे.

मिस्त्री